सापांसाठी पांढरे उंदीर घरी कसे वाढवावेत

पिंजरा आणण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला (घरी पाळला जाणारा परदेशी अजगर) दोन-तीन आठवड्यांतून एक उंदीर पुरतो, वाढत्या पिल्लाला आठवड्याला एक लागतो. दोन मोठे आणि एक लहान साप असतील तर वर्षाला नव्वद ते शंभर उंदीर झाले. एका वेतात दहा पिल्लं आणि वर्षाला पाच वेतं धरली, तर एक नर आणि दोन माद्या एवढ्यावर भागतं. घरगुती पैदास फसते ती बहुधा उंदीर जास्त झाल्यामुळे: जागा अपुरी, वास असह्य, आणि उरलेल्या जिवांचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही. एकच साप असेल तर या भानगडीत पडू नका, गोठवलेले उंदीर विकत घ्या.

भारतात असाल तर आधी कायदा पाहा. नाग, धामण, मांडूळ, अजगर असे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी ठेवता येत नाहीत. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, त्यामुळे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

जोडी निवडताना

उंदीर म्हणजे इथे पाळीव रॅट. सापळ्यात सापडलेला घरातला उंदीर पैदाशीला घेऊ नका आणि सापालाही घालू नका. त्याच्या पोटात विषारी गोळी असू शकते आणि त्याच्या लघवीतून माणसाला लेप्टोस्पायरोसिस होतो. मादी तीन-चार महिन्यांची आणि साधारण अडीचशे ग्रॅमची झाली की नराकडे सोडावी. पहिलं वेत सहा-आठ महिन्यांच्या आत व्हायला हवं, पुढे बाळंतपण अडण्याची भीती वाढते. हातात घेतल्यावर चावणारी मादी ठेवू नका, स्वभाव पिल्लांत उतरतो.

पिंजरा आणि हवा

साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा, गुळगुळीत आतल्या भिंतींचा जाड प्लास्टिकचा टब घ्या. वर अर्धा इंची पोलादी जाळी पक्की बसवा. टबाला काठ किंवा भोक दिसलं की उंदीर तिथूनच कुरतडायला लागतो. खाली कागदाचे तुकडे किंवा धूळ नसलेला लाकडाचा कीस दोन इंच पसरा. देवदाराचा सुगंधी भुसा मात्र नको, त्याच्या वासाने श्वसनमार्ग जळजळतो.

टबात तोंड घातल्यावर डोळे चुरचुरले तर साफसफाईला उशीर झाला आहे. लघवीतला अमोनिया उंदरांच्या फुफ्फुसात आधीच दबा धरून असलेल्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूला मोकळं रान देतो. मग शिंका सुरू होतात, कानाशी धरल्यावर छातीत घरघर ऐकू येते, आणि नाका-डोळ्यांभोवती रक्तासारखा लाल थर दिसतो. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो. पण तो दिसला की उंदीर आजारी किंवा ताणाखाली आहे हे नक्की. असा उंदीर वेगळा काढा. तळाचा कीस आठवड्यातून दोनदा बदला.

तापमान २० ते २४ अंश उत्तम. उंदराला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो. सतत तिशीच्या वर राहिलं की नर नापीक होऊ लागतो आणि वेतं लहान होतात. विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय पैदास धरूच नका. दुपारी गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टबात ठेवा.

खाणंपिणं

प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी बनवलेल्या, १८ टक्के प्रथिनांच्या गोळ्या सर्वांत भरवशाच्या. मोठा उंदीर रोज १५ ते २५ ग्रॅम खातो, दूध पाजणारी मादी त्याच्या दुप्पट-तिप्पट. नुसत्या धान्यावर ठेवलं तर ते आवडीचे दाणे वेचतात, बाकीचे तसेच टाकतात. पाणी निपलच्या बाटलीतून द्या आणि नळी रोज बोटाने दाबून बघा. ती अडली तर उंदीर तहानेने मरतात, गळली तर ओल्या किसात पिल्लं गारठतात.

गाभण ते दूध तुटेपर्यंत

मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, म्हणून नर दहा दिवस सोबत राहिला की पुरे. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं की तिला स्वतंत्र टब आणि कागदाच्या पट्ट्या द्या. व्याल्यावर चोवीस तासांत ती पुन्हा माजावर येते, नर जवळ असला तर दूध पाजता पाजता गाभण राहते आणि दोन-तीन वेतांत खंगते.

पहिले दोन-तीन दिवस घरट्यात हात घालू नका, वरून नुसतं बघा. पाच-सहा ग्रॅमच्या गुलाबी पिल्लाच्या पारदर्शक कातडीतून डाव्या कुशीला दुधाने भरलेलं पोट पांढऱ्या पट्टीसारखं दिसतं. पट्टी नसलेलं पिल्लू उपाशी आहे. मादीला आचळं बाराच. वेत मोठं असेल तर जास्तीची पिल्लं त्याच वयाच्या दुसऱ्या वेतात सरकवा. डोळे चौदाव्या दिवसाच्या आसपास उघडतात, दूध २१ दिवसांनी तोडता येतं. पाचव्या आठवड्याच्या आत नर-माद्या वेगळ्या करा, नाहीतर भावंडांतच गाभण राहतात. मादीला पुढच्या वेताआधी दोन-तीन आठवडे विश्रांती द्या आणि वर्षाच्या वयाला पैदाशीतून काढा.

मारणं आणि भरवणं

जिवंत उंदीर सापाला देऊ नका, तो चावून सापाचा डोळा फोडू शकतो. उंदीर शांतपणे मरायला हवा, यात तडजोड नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर लावून कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडतात: वीस लिटरच्या पेटीला मिनिटाला ६ ते १४ लिटर. श्वास थांबल्यावरही वायू चालू ठेवा आणि हृदय थांबल्याची खात्री करा. दहा दिवसांच्या आतली पिल्लं कमी ऑक्सिजनमध्येही बराच वेळ तग धरतात, त्यांच्यासाठी पशुवैद्याकडून पद्धत प्रत्यक्ष शिकून घ्या. जिवंत पिल्लं फ्रीजरमध्ये ठेवणं क्रूरपणा आहे.

मेलेले उंदीर वजनानुसार पिशव्यांत भरून, तारीख घालून उणे १८ अंशांवर फार तर सहा महिने ठेवा, स्वयंपाकाच्या जिनसांपासून दूर. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. रात्रभर फ्रीजच्या खालच्या खणात वितळू द्या, मग पिशवीसह कोमट पाण्यात बुडवा. मायक्रोवेव्हमध्ये पोट फुटतं. चिमट्याने डोक्याकडून पुढे करा. रात्रभर ठेवूनही सापाने गिळला नाही तर फेकून द्या, परत गोठवू नका.