वयाबरोबर ट्रेग कसे बदलतात, ते रक्तात मोजताना

निरोगी प्रौढाच्या रक्तात सीडी४ टी-पेशींपैकी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) साधारण ५ ते १० टक्के इतर पेशींना आवर घालणारे नियामक, म्हणजे ट्रेग असतात. विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसात हा आकडा जवळपास सारखाच येऊ शकतो. फरक आत दडलेला असतो: पृष्ठभागावर सीडी४५आरए (थोडक्यात आरए) ही खूण असलेले, अजून सक्रिय न झालेले नवे ट्रेग वयाबरोबर घटतात, सक्रिय ट्रेगांचा वाटा वाढतो. त्यामुळे एकूण टक्केवारीवर थांबलात, तर वयाचा परिणाम हातातून निसटतो.

सगळ्यांचे रक्त एकाच प्रकारच्या नळीत घ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका आणि त्याच दिवशी वापरा. तेवढेच पीबीएस (क्षारांचे बफर द्रावण) मिसळून ते १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारा द्रव) अलगद सोडा. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटे, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर हव्या असलेल्या पेशींचा पांढुरका थर विस्कटतो.

आधी मृत पेशी ओळखणारा, फिक्सेशननंतरही (पेशी रसायनाने स्थिर केल्यावरही) टिकणारा रंग द्या. मग सीडी३, सीडी४, सीडी२५, सीडी१२७ आणि सीडी४५आरए या पृष्ठभागावरच्या खुणांना चिकटणारी रंगीत प्रतिपिंडे. अंधारात ३० मिनिटे. फॉक्सपी३, म्हणजे ट्रेगांच्या केंद्रकातले प्रथिन, सर्वांत शेवटी, आणि त्याच्यासाठी बनवलेल्या किटनेच. पेशीचे आवरण सच्छिद्र करणाऱ्या साध्या सॅपोनिनने केंद्रक नीट उघडत नाही, रंग फिका येतो.

खरी कसोटी फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारे यंत्र) गेट लावताना, म्हणजे आलेखावर रेषा आखून हव्या पेशी निवडताना. सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी अशा पेशी निवडून सीडी४५आरए विरुद्ध फॉक्सपी३ असा आलेख काढा. ट्रेगांचे संशोधक शिमॉन साकागुची यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेले तीन भाग इथे दिसतात. नव्या ट्रेगांचे फॉक्सपी३ जिथे संपते, तिथून वरचे आरए नसलेले ते सक्रिय ट्रेग. त्या रेषेखालच्या आरए नसलेल्या पेशींत दडपण्याची ताकद नसलेल्या साध्या टी-पेशीच बहुतांश असतात. वयस्करांत स्मृतिपेशी (आधीचे संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी) वाढलेल्या असतात, त्यातल्या कित्येकांवर थोडे सीडी२५ असते. रेषा सैल पडली की त्या आत शिरतात आणि 'म्हातारपणी ट्रेग वाढले' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तरुण आणि वृद्धांचे नमुने एकाच दिवशी, एकाच मिश्रणाने रंगवा.

पेशी पुरेशा मोजा. समजा ट्रेग सीडी४ च्या ६ टक्के आणि त्यातले नवे १० टक्के. ५०० नवे ट्रेग मिळायला सुमारे ८३,००० सीडी४ पेशी लागतात. सीबीसीतल्या (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) लिम्फोसाइटच्या आकड्यावरून प्रति मायक्रोलिटर संख्याही काढा. नवे खरोखर घटले, की सक्रिय वाढल्यामुळे त्यांचा वाटा कमी दिसतोय, हे टक्केवारी सांगत नाही.

मोजक्या लोकांत सीडी४५ जनुकातल्या बदलामुळे स्मृतिपेशींवरही आरए टिकून राहते. सीडी४ मध्ये आरए नसलेला गटच दिसत नसेल, तर तो नमुना वयाच्या तुलनेत धरू नका.