कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे आणि वर व्हिटॅमिनपण घ्यायचंय? मग हे बघा

पुण्यात तळजाई टेकडीला सकाळी फिरणाऱ्या काकालोकांत एकाला एखादी कॅप्सूल मानवली की आठवड्याभरात निम्म्या ग्रुपने ती आणलेली असते. ज्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन अशी स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे त्यांनी आधी डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायचं, पुढे 'हार्ट केअर' लिहिलंय त्याला काही अर्थ नाही.

मागे रेड यीस्ट राइस (लाल यीस्टने आंबवलेला तांदूळ) दिसलं तर डबी तिथेच ठेवा. त्यात मोनाकोलिन के असतं, म्हणजे चक्क लोव्हास्टॅटिन, म्हणजे तुम्ही स्टॅटिनवर आणखी एक स्टॅटिन घेणार आणि वर म्हणणार की हे तर नॅचरल आहे!

दुसरं नायसिन, म्हणजे बी३. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये ते थोडं असतं, त्याचं टेन्शन नको, पण ५०० मिलिग्रॅम, १ ग्रॅमवाल्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, स्नायू आणि लिव्हर दोन्हीला त्रास होऊ शकतो. आणि फायदा म्हणाल तर स्टॅटिनवर नायसिन देऊन बघणारी अमेरिका-कॅनडातली एक मोठी ट्रायल २०११ मध्ये मधेच थांबवली, कारण हार्ट अटॅक वगैरे काही कमी होईनात.

डी आणि बी१२ स्टॅटिनसोबत साधारण चालतात. डी जेवणानंतर घ्या, तूप-तेल पोटात असलं की नीट शोषलं जातं. फक्त ती ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, रोजची नाही, घरातल्या आजी-आजोबांना हे दोनदा सांगा. कोक्यूटेन (CoQ10 नावाचं सप्लिमेंट) घेतल्याने स्टॅटिनची अंगदुखी जाते म्हणतात, पुरावा काठावरचाच आहे आणि किंमत बघता माझ्या मते ते नकोच. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर कोक्यूटेन, ई, के यातलं काहीही विचारल्याशिवाय नाही.

वेळेचं म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड रोसुव्हास्टॅटिननंतर दोन तासांनी घ्या, नाहीतर गोळी कमी शोषली जाते. कोलेस्टायरामिनची (हेही कोलेस्टेरॉलचंच औषध) पावडर असेल तर ती ए, डी, ई, के अडवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी नाहीतर चार-सहा तासांनी. आणि गणपतीच्या दिवसात मंडईतून पपनस आणता ना, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिनवाल्यांनी ग्रेपफ्रूटसारखं तेही डॉक्टरांना विचारूनच खा.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देताना लॅबवाल्याला सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखायला लागल्या तर व्हिटॅमिन वाढवत बसू नका आणि स्टॅटिन स्वतःहून बंदही करू नका, डॉक्टर सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते बघायची रक्ततपासणी) करायला सांगतील, डीसुद्धा बघतील कारण डी कमी असलं तरी अंग दुखतंच. लघवी तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, जाताना सगळ्या पट्ट्या आणि डब्या पिशवीत घालून न्या.