आजच्या आवडत्या गाण्यावरून जुन्या रॉक बँडपर्यंत

जुने रॉक ऐकायचे ठरवणारे बरेच जण सुरुवातीलाच चुकीची वाट धरतात. ‘सर्वकालीन श्रेष्ठ शंभर अल्बम’ अशा धर्तीची एखादी यादी समोर ठेवून ते पहिल्या क्रमांकापासून ऐकू लागतात आणि चौथ्या-पाचव्या अल्बमपर्यंत त्यांचा उत्साह मावळतो. यात अल्बमांचा दोष नसतो. यादी करणाऱ्याने ती आयुष्यभराच्या श्रवणानंतर केलेली असते, आणि ऐकणारा मात्र नुकत्याच आवडलेल्या दोन-तीन गाण्यांच्या बळावर तिच्यात शिरू पाहतो. म्हणून यादी बाजूला ठेवावी, आज जे मनापासून आवडते तिथूनच निघावे आणि एका वेळी एकच पिढी मागे जावे.

पहिले काम म्हणजे एक गाणे निवडणे; बँड नव्हे, गाणे. ते तीन-चार वेळा ऐकून आपण त्याच्याकडे नेमके कशासाठी परत येतो हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘छान वाटते’ एवढ्या उत्तरावर भागत नाही. गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा जड तुकडा, म्हणजे रिफ, आवडतो की ड्रम्सचा ठेका, गायकाचा आळसावलेला स्वर आवडतो की त्याचे शब्द, हे स्पष्ट झाले पाहिजे, कारण एकाच अल्बममधून निघणाऱ्या वाटा अगदी वेगवेगळ्या गावांना जातात. आर्क्टिक मंकीजचा २०१३ सालचा ‘एएम’ घ्या. त्यातील ‘ॲराबेला’ची थांबत-थांबत कोसळणारी रिफ ज्याला आवडते, त्याने ब्लॅक सॅबथच्या १९७० सालच्या ‘वॉर पिग्ज’कडे जावे, दोन्ही लागोपाठ लावली तर नाते समजावून सांगावे लागत नाही. त्याच अल्बमचे शेवटचे गाणे ‘आय वॉना बी युअर्स’ ज्याला आवडते, त्याला मात्र सॅबथ ऐकवून काही उपयोग नाही. त्या गाण्याचे शब्द जॉन कूपर क्लार्क या मँचेस्टर भागातील इंग्रज कवीच्या कवितेवर बेतलेले आहेत, आणि ती कविता त्यांनी स्वतः १९८२ साली संगीताच्या साथीने ध्वनिमुद्रित केली होती. तो श्रोता त्या काळच्या मँचेस्टरकडे वळेल आणि तिथे त्याला जॉय डिव्हिजन आणि द फॉल हे बँड भेटतील.

सॅबथपर्यंत पोहोचलेल्याने तिथे जरा थांबावे, कारण जड आवाजाची आवड असलेल्या कोणालाही आज ना उद्या इथे यावेच लागते. या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचे असताना बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करत होते. तिथे यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, आणि ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले, पातळ तारा वापरल्या, आणि १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधील काही गाण्यांत तर तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. सैल तार दाबायला सोपी जाते आणि तिचा आवाजही अधिक खोल, अधिक दाट येतो. पुढच्या पन्नास वर्षांतील मेटल, म्हणजे अतिशय जड रॉक, वाजवणाऱ्या कितीतरी बँडनी तारा खाली उतरवण्याची ही रीत उचलली. ‘इन्टू द व्हॉइड’ची सुरुवात हेडफोनवर ऐकली म्हणजे आपल्या आवडीच्या आजच्या कोणत्या बँडने कुठून काय घेतले हे कानांनाच कळू लागते.

गाणे निवडून झाले की त्याची श्रेयनामावली पाहावी. स्ट्रीमिंग ॲपमध्ये गाण्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांवर गेल्यास गीतकार, संगीतकार आणि निर्माता (म्हणजे ध्वनिमुद्रणाला आकार देणारा) यांची नावे बहुधा मिळतात. तिथे नसतील तर अल्बमच्या विकिपीडिया पानावर सापडतात. ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या ‘गुड फोर यू’ या २०२१ सालच्या गाण्याच्या श्रेयांत पुढे पॅरामोर या बँडच्या दोघांची नावे जोडली गेली, कारण त्याचे २००७ सालच्या ‘मिझरी बिझनेस’शी साम्य होते. ही झाली एक पायरी. तिच्याच ‘ब्रूटल’ या गाण्याची गोष्ट याहून रंगतदार आहे. त्याची रिफ एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या १९७८ सालच्या ‘पम्प इट अप’वरून उचलली आहे अशी ओरड समाजमाध्यमांवर झाली, तेव्हा खुद्द कॉस्टेलो यांनीच आपली काही हरकत नसल्याचे सांगितले, आणि आपणही तेच केले होते हे सुचवत बॉब डिलन यांच्या १९६५ सालच्या ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’चे आणि चक बेरी यांच्या १९५६ सालच्या ‘टू मच मंकी बिझनेस’चे नाव घेतले. ही चारही गाणी उलट्या क्रमाने एका प्लेलिस्टमध्ये लावून पाहावीत. शब्दांची तीच धावती, धाप लागल्यासारखी फेक चारही ठिकाणी कानावर पडते, आणि पासष्ट वर्षांचे अंतर पाव तासाच्या आत कापले जाते. माझ्या मते नवख्या श्रोत्यासाठी याहून चांगला पहिला धडा नाही.

श्रेयांत काही हाती लागले नाही तर आवडत्या बँडने दुसऱ्यांची कोणती गाणी गायली आहेत ते शोधावे. कोणत्या मैफलीत कोणती गाणी वाजली याची नोंद सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर असते आणि परकी गाणी तिथे मूळ कलाकाराच्या नावासह दाखवलेली असतात. मुलाखतीत कलाकार कोणाचेही नाव घेतो. पण जे गाणे तो तालमीत बसवतो आणि लोकांसमोर गातो, त्यावर त्याचे प्रेम खरे असते. निर्वाणा या बँडच्या नोव्हेंबर १९९३ मधील अनप्लग्ड, म्हणजे मुख्यतः साध्या अकूस्टिक वाद्यांवरच्या, मैफलीच्या अल्बममध्ये चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची आहेत: तीन मीट पपेट्सची, एक द व्हॅसेलीन्सचे, एक डेव्हिड बोवीचे आणि शेवटचे जुन्या पिढीतील गायक लेड बेली यांनी गाजवलेले जुने लोकगीत. मेटॅलिकाचा १९९८ सालचा ‘गॅरेज इन्क’ तर दोन डिस्क भरून केवळ अशाच गाण्यांचा आहे. त्यात डायमंड हेड, बजी, थिन लिझी, ब्लू ऑयस्टर कल्ट, मिसफिट्स, किलिंग जोक आणि मर्सिफुल फेट असे एकमेकांशी फारसे न जुळणारे बँड शेजारी-शेजारी बसले आहेत. मेटल आवडणाऱ्याने एक गाणे मेटॅलिकाचे आणि लगेच त्याचे मूळ, असा हा संग्रह ऐकावा. कोणते मूळ आपल्याला मेटॅलिकापेक्षा जास्त आवडले याची खूण करून ठेवावी, कारण पुढची वाट त्या खुणेपासूनच फुटते.

निर्मात्याच्या नावावरून शोध घेण्याची पद्धत कमी लोक वापरतात आणि मला ती सर्वांत भरवशाची वाटते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेला ऐकून आलेल्यांपैकी अनेकांना ‘व्हिवा ला व्हिडा’ पाठ असेल. २००८ सालच्या त्या अल्बमच्या निर्मात्यांत ब्रायन ईनो यांचे नाव आहे. याच ईनो यांनी डॅनियल लॅन्वा यांच्यासोबत यू-टूचा १९८७ सालचा ‘द जोशुआ ट्री’ घडवला, त्याआधी १९८० साली टॉकिंग हेड्सचा ‘रिमेन इन लाइट’ घडवला, १९७७ साली बोवीच्या ‘लो’वर त्यांच्या सोबत काम केले, आणि त्याही आधी ते स्वतः रॉक्सी म्युझिकमध्ये होते. कोल्डप्लेच्या चाहत्याने हा प्रवास याच क्रमाने करावा. यू-टू त्याला ताबडतोब ओळखीचे वाटेल. टॉकिंग हेड्स कदाचित बिचकवेल. तिथे घाई न करता आधी ‘वन्स इन अ लाइफटाइम’ ऐकावे आणि मगच पूर्ण अल्बम लावावा.

मोठ्या कलाकाराच्या दौऱ्यात आधी कोण वाजवते याकडेही लक्ष असू द्यावे. रॉड्रिगोने २०२४ च्या दौऱ्यातील काही कार्यक्रमांत द ब्रीडर्सना बोलावले. त्या बँडच्या किम डील पूर्वी पिक्सीजमध्ये होत्या, आणि पिक्सीज हाती लागले की निर्वाणाचे संगीत कुठून आले याचे अर्धे कोडे सुटते. टूल या बँडने २००१ साली किंग क्रिमसनसोबत दौरा केला होता. टूलच्या श्रोत्याने क्रिमसनच्या १९६९ च्या गाजलेल्या पहिल्या अल्बमऐवजी १९७४ च्या ‘रेड’पासून सुरुवात केली तर त्याला नाते लवकर जाणवेल. पोर्क्युपाइन ट्रीचे चाहते याबाबतीत नशीबवान आहेत, कारण त्या बँडच्या स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिमसन, जेथ्रो टल आणि येस यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे नव्याने मिश्रण केले आहे.

साम्य फारच जवळचे असेल तर एक पायरी गाळायला हरकत नाही. ग्रेटा व्हॅन फ्लीट ऐकणाऱ्याला लेड झेपेलिनचे नाव कोणीतरी आधीच सांगितलेले असते. त्याने झेपेलिन जरूर ऐकावे, पण तिथे न थांबता १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’नंतर लगेच ब्लूज (रॉकच्या मुळाशी असलेली अमेरिकी कृष्णवर्णीयांची संगीतशैली) गाणारे मडी वॉटर्स यांचे १९६२ सालचे ‘यू नीड लव्ह’ लावावे. ते विली डिक्सन यांनी लिहिले होते, आणि झेपेलिनच्या गाण्याच्या श्रेयांत डिक्सन यांचे नाव येण्यासाठी १९८५ साली कोर्टाची पायरी चढावी लागली. जाता जाता आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सांगतो: जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ती मुद्रणे अधिकृतपणे २०१५ साली, ‘कोडा’च्या वाढीव आवृत्तीत, बाहेर आली.

बँड सापडला तरी त्याचे काय ऐकावे हा प्रश्न उरतोच. इथे नावावर विसंबू नये, साल पाहावे. १९६८ सालचा फ्लीटवुड मॅक हा पीटर ग्रीन यांच्या गिटारभोवती उभा असलेला ब्रिटिश ब्लूज बँड होता. १९७७ साली ‘रूमर्स’ काढणारा फ्लीटवुड मॅक म्हणजे तेच ड्रम्स आणि तोच बास, बाकी गायक, गीते आणि स्वभाव सगळेच निराळे. पिंक फ्लॉइडचा १९६७ चा पहिला अल्बम आणि १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ यांतही असेच अंतर आहे, आणि टेम इम्पाला आवडणाऱ्याला बहुधा पहिलाच अधिक भावेल. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलसारख्या छोट्या, आटोपशीर गाण्यांच्या बँडसाठी निवडक गाण्यांचा संग्रह पुरेसा आहे. फ्लॉइड किंवा येस यांच्याबाबतीत मात्र असा संग्रह टाळावा, कारण त्यांची गाणी अल्बमच्या ओघातून उपटली की निम्मी मरतात.

ॲपमध्ये शोधताना नावापुढचा मजकूर वाचण्याची सवय ठेवावी. ‘लाइव्ह’ किंवा ‘री-रेकॉर्डेड’ असे लिहिले असेल तर ते मूळ मुद्रण नव्हे; अनेक ज्येष्ठ कलाकारांनी उतारवयात आपली गाणी पुन्हा गायली आहेत आणि शोधात कधी कधी तीच वर येतात. ‘रीमास्टर’, म्हणजे मूळ मुद्रणच नव्याने साफसूफ करून काढलेली आवृत्ती, चालते. साठच्या दशकातील स्टिरिओमध्ये आणखी एक अडचण येते: बीटल्सच्या सुरुवातीच्या अल्बमांत एका कानात गायन आणि दुसऱ्या कानात वाद्ये अशी विभागणी आहे, जी हेडफोनवर विचित्र वाटते. अशा वेळी स्पीकरवर ऐकावे किंवा मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेली) आवृत्ती मिळाल्यास ती घ्यावी. शिवाय जुनी मुद्रणे आजच्या मानाने कमी आवाजात वाजतात, म्हणून ‘हे तर फिके आहे’ असा निकाल देण्यापूर्वी आवाज वाढवून पाहावा.

ॲपचा स्वयंचलित ‘रेडिओ’ मी सुरुवातीला तरी बंद ठेवायला सांगेन. कोणत्याही जुन्या बँडवरून तो सुरू केला की थोड्याच वेळात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे सगळीकडे वाजून गेलेले गाणे येतेच. तीन-चार बँड स्वतः शोधून झाल्यावर, एखाद्या अल्बममधील कमी गाजलेल्या गाण्यावरून तो सुरू करावा. तेव्हा तो जरा बरी नावे काढतो.

असे मागे जात जात चक बेरी किंवा मडी वॉटर्स यांच्यापर्यंत पोहोचल्यावर ऐकण्याची रीत बदलावी लागते. त्या काळी त्यांची गाणी मुख्यतः दोन बाजूंच्या छोट्या तबकड्यांवर एकेक करून निघत, त्यामुळे तिथे ‘श्रेष्ठ अल्बम’ शोधण्यात वेळ घालवू नये. चक बेरींसाठी १९८२ साली निघालेला ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ हा अठ्ठावीस गाण्यांचा संग्रह घ्यावा, आणि तो सलग न ऐकता रोज चार-पाच गाणी या बेताने ऐकावा.