‘दोन टक्के फास्ट झालं’ म्हणायच्या आधी

कंपायलर (सोर्स कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिलं काम बहुतेक हेच मिळतं. हा पॅच (कोडमधला बदल) घे, लाव, बेंचमार्क (वेग मोजायचे ठरलेले प्रोग्राम) चालव आणि आकडे पाठव. सांगणाऱ्याला वाटतं हे किरकोळ काम आहे, रजिस्टर अ‍ॅलोकेशन कळायला वेळ लागेल तोवर एवढं तर करेल. माझं मत एकदम उलटं आहे. पास (कोड सुधारणारी कंपायलरची एक पायरी) लिहिताना चुकलात तर टेस्ट फेल होते, कोणीतरी ओरडतं, तुम्ही दुरुस्त करता. मोजताना चुकलात तर काहीच फेल होत नाही, शीटमध्ये हिरवे रकाने दिसतात, सगळे छान म्हणतात आणि पॅच मर्ज होऊन जातो.

आणि हे कोणी शिकवत नाही. कंपायलर शिकवणारे आपल्याकडे नाहीत असं नाही, पवईला आयआयटीत प्रा. उदय खेडकरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसी या मोफत कंपायलरच्या पोटात काय चालतं हे किती जणांना समजावलं असेल. पण बाकी बहुतेक कॉलेजांमध्ये सेमिस्टर एलएल आणि एलआर पार्सिंगची टेबलं भरण्यातच संपतं, दोन बायनरी समोर ठेवून ‘यातली फास्ट कुठली आणि कशावरून’ हा प्रश्न व्हायव्हात पण येत नाही. त्यामुळे तुम्हाला हे येत नसेल तर त्यात लाज वाटायचं काही कारण नाही.

सुरुवातीचे दोन घोळ पटकन सांगून टाकतो. एक म्हणजे ‘कंपायलर फास्ट आहे’ याचे दोन अर्थ होतात, कंपायलर स्वतः पटकन चालतो किंवा त्याने काढलेला कोड पटकन चालतो. मीटिंगमध्ये अर्धे लोक एक धरून बोलत असतात आणि अर्धे दुसरं, म्हणून आधी विचारून घ्या. कंपाइल टाइम मोजत असाल तर तुमचा कंपायलर कसा बिल्ड झालाय ते बघा. जीसीसीच्या डेव्हलपमेंट ब्रँचमध्ये आतले चेक्स बाय डिफॉल्ट चालू असतात, रिलीजमध्ये बरेचसे बंद. एलएलव्हीएममध्ये (दुसरा मोठा कंपायलर प्रोजेक्ट) असर्शन्सचं, म्हणजे अशाच आतल्या चेक्सचं, तसंच. हे न बघता ट्रंकची (डेव्हलपमेंट ब्रँचची) तुलना डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्सच्या) पॅकेजशी केली की ‘नवीन व्हर्जन भयंकर स्लो झालं’ अशी बोंब ठरलेली.

दुसरा घोळ डिफॉल्ट्सचा. उबुंटूचा जीसीसी पाय (PIE), स्टॅक प्रोटेक्टर, फॉर्टिफाय वगैरे सुरक्षेचे ऑप्शन स्वतःहून चालू करतो, तुम्ही सोर्समधून बिल्ड केलेला तसं करत नाही. म्हणजे तुम्ही दोन कंपायलर नाही, दोन सिक्युरिटी सेटिंग्ज मोजताय. तसंच जीसीसीने ओ२ ला (-O2, ऑप्टिमायझेशनची एक पातळी, ओ१ आणि ओ३ तशाच) व्हेक्टरायझेशन (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकडे हाताळणं) १२ व्या व्हर्जनपासून चालू केलं, तेही जपून, आणि क्लँग (एलएलव्हीएमचा सी/सी++ कंपायलर) ते आधीपासूनच करत होता. ‘दोन्हीकडे ओ२ दिलंय, म्हणजे फेअर आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ओ२ हे नुसतं लेबल आहे.

मशीन शांत करायची यादी तुम्हाला नेटवर कुठेही मिळेल. टर्बो (सीपीयूचा आपोआप वाढणारा वेग) बंद करा, गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, हायपरथ्रेडिंगचा जोडीदार कोर बंद करा, प्रोसेस एका कोरवर बांधा, एएसएलआर (दर रनला प्रोग्रामचे मेमरीतले पत्ते बदलणारी सुरक्षेची सोय) बंद करा. एलएलव्हीएमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बेंचमार्किंग टिप्सचं एक पान आहे ते वाचा, चांगलं आहे. हे सगळं केलं की आकडे एकदम घट्ट होतात, आधी रन टू रन दोन-तीन टक्के हलायचे ते आता पॉइंट समथिंगवर येतात, आणि माणसाला वाटतं झालं, आता मी सायंटिस्ट.

खरा खड्डा इथेच आहे. मी त्यात चांगला वेळ घालवलाय म्हणून हा भाग जरा लांबणार, कंटाळा आला तरी वाचा.

माझ्याकडे एक पॅच होता, छोटासाच, इनलायनिंगच्या (फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच टाकण्याच्या) हिशोबात थोडा बदल. एका बेंचमार्कला अडीच टक्के फायदा दिसत होता. भरपूर रन्स घेतले, सगळे जवळजवळ सारखेच, कॉन्फिडन्स इंटरव्हल इतका बारीक की ग्राफवर दिसत नव्हता. आमच्या सीनियरने त्याच्या लॉगिनमधून, त्याच मशीनवर, त्याच दोन बायनरी चालवल्या तर फायदा अर्धाच. मग नाइटली जॉबमध्ये बघितलं तर जवळपास शून्य. बायनरी तीच, चेकसम जुळवून बघितले. सुरुवातीला वाटलं कोणीतरी मागे दुसरं काही चालवतंय, तसं काही नव्हतं.

झालं असं की लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू होताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या स्ट्रिंग्ज स्टॅकच्या (लोकल व्हेरिएबल्सच्या मेमरीच्या) वरच्या टोकाला ठेवल्या जातात, आणि तुमच्या प्रोग्रामचा स्टॅक त्यांच्या खालून सुरू होतो. माझं युजरनेम वेगळं, पाथ वेगळा, शेलमध्ये भरून ठेवलेल्या चार गोष्टी वेगळ्या, म्हणजे एन्व्हायर्नमेंटची साइझ वेगळी, म्हणजे स्टॅक सुरू व्हायचा पत्ता वेगळा. सोळा बाइटचं अलाइनमेंट पाळलं जातं, पण कॅश लाइन (सीपीयू मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) चौसष्ट बाइटची असते आणि पेज चार केबीचं, त्यामुळे एखादा हॉट (सतत वापरला जाणारा) लोकल अ‍ॅरे कधी लाइनच्या आत नीट बसतो तर कधी दोन लाइनवर तंगड्या पसरून बसतो. कोड तोच, डेटा तोच, वेळ मात्र वेगळा. एएसएलआर चालू असतं तर हा स्टॅकचा पत्ता दर रनला बदलला असता आणि फरक नॉइज म्हणून दिसला असता. आपण तो बंद केला. म्हणजे नॉइज गेला नाही, गोठला! एकच पत्ता, प्रत्येक रनला तोच, आणि तो ज्या बायनरीला मानवतो ती जिंकते. यादीतला ‘एएसएलआर बंद करा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो पाळल्यावर घट्ट झालेला आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे, हे यादी सांगत नाही.

हे काही मला पहिल्यांदा सापडलेलं नाही हो. मिटकोविच, दिवान, हाउस्विर्थ आणि स्वीनी यांचा २००९ चा अ‍ॅस्प्लॉस कॉन्फरन्समधला पेपर नेमका यावर आहे, एन्व्हायर्नमेंटची साइझ आणि लिंक करताना ऑब्जेक्ट फाइल्सचा क्रम बदलला की ओ३ चांगलं की ओ२ याचं उत्तरच बदलतं असं त्यांनी दाखवलं. मोठ्या कॉन्फरन्समधले १३३ पेपर्स त्यांनी चाळले, एकातही याचा नीट विचार केलेला सापडला नाही. म्हणजे पीएचडीवाले पण याच खड्ड्यात होते, तेव्हा तुम्ही पडलात तर फार मनाला लावून घेऊ नका.

आता याचं दुसरं अर्धं, जे जास्त चावतं. स्टॅकचं एएसएलआर चालू ठेवून सुटतं, कोडचं नाही सुटत, कारण एएसएलआर कोड हलवतो तो अख्ख्या पेजच्या मापाने, पेजच्या आतली जागा तीच राहते. तुमच्या पॅचमुळे एक फंक्शन वीस बाइटने लहान झालं की त्याच्या मागची बरीच फंक्शन्स सरकतात. त्यातलं एखादं हॉट लूप, ज्याला तुमच्या पॅचने हातही लावला नाही, आधी बत्तीस बाइटच्या सीमेवर तुटत होतं ते आता नीट बसतं, आणि लागला बोनस! इंटेलच्या स्कायलेक पिढीवर तर २०१९ मध्ये जेसीसी इरेटम या हार्डवेअरच्या चुकीवर उतारा म्हणून नवा मायक्रोकोड (सीपीयूच्या आतला कोड) आला, त्यानंतर बत्तीस बाइटच्या सीमेवर पडणारे किंवा तिथे संपणारे जंप मायक्रो-ऑप कॅशमध्ये (डिकोड झालेल्या इन्स्ट्रक्शन्सच्या साठ्यात) राहीनात, म्हणजे अशा मशीनवर हा खेळ आणखी वाढला. आणि हीच बायनरी तुम्ही हजार वेळा चालवली तरी काही कळणार नाही, कारण लेआउट एकच आहे. रन वाढवून रनचा नॉइज कमी होतो, लेआउटचा पक्षपात नाही होत. हे वाक्य मी टीममध्ये इतक्या वेळा बोललोय की लोक आता मला चिडवतात.

मग करायचं काय? पर्फ रेकॉर्ड (वेळ कुठे जातो ते दाखवणारं लिनक्सचं टूल) दोन्ही बायनरींवर चालवा, वेळ नेमका कुठल्या फंक्शनमध्ये वाचलाय ते बघा आणि त्याचं डिसअसेंब्ली शेजारी शेजारी ठेवा. इन्स्ट्रक्शन्स तंतोतंत त्याच असतील आणि फक्त पत्ते वेगळे असतील तर बाबांनो तो फायदा तुमचा नाही, परत करा. दुसरं, एकाच बदलाच्या वेगवेगळ्या लेआउटच्या बायनरी बनवा. प्रत्येक फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये टाका आणि एलएलडीला (एलएलव्हीएमच्या लिंकरला) शफल-सेक्शन्सचा ऑप्शन वेगवेगळ्या सीडने द्या, की प्रत्येक वेळी क्रम बदलतो. बेसलाइनच्या आठ-दहा आणि पॅचच्या आठ-दहा अशा बायनरी करा, प्रत्येकीचे थोडेच रन घ्या, आणि मग दोन ढीग एकमेकांपासून खरंच वेगळे पडतात का बघा. माझ्या पॅचचे नाही पडले. एन्व्हायर्नमेंट तर आता मी पूर्ण रिकामं करून, हवं तेवढंच हाताने भरून चालवतो, आणि अधूनमधून त्यात एक फालतू व्हेरिएबल लांब-आखूड करून बघतो.

कर्टसिंगर आणि बर्गर यांनी २०१३ मध्ये स्टॅबिलायझर नावाचं टूल काढलं होतं, ते प्रोग्राम चालू असतानाच कोड, स्टॅक आणि हीप परत परत इकडचं तिकडे टाकायचं. त्यातून त्यांचा निष्कर्ष असा की एलएलव्हीएममध्ये ओ१ वरून ओ२ ला फरक पडतो, पण ओ२ वरून ओ३ चा फरक नॉइजपासून वेगळा काढता येत नाही. ते टूल त्या वेळच्या एलएलव्हीएमवर बांधलेलं, आज थेट वापरायला जाऊ नका, पण पेपर वाचा. ऑनलाइन कोर्सवाले ‘ओ३ लावा, मार्च नेटिव्ह (-march=native) लावा, सुसाट’ असं सांगतात ना, त्यांना पाठवा.

सगळ्यात स्वस्त टेस्ट मात्र वेगळीच आहे, ए विरुद्ध ए. एकच कंपायलर, पॅच नाही, काही नाही, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा आणि तुमची अख्खी स्क्रिप्ट चालवा. तिने ‘१.४ टक्के सुधारणा’ म्हटलं तर स्क्रिप्ट आधी दुरुस्त करा. आणि रन्स एक आड एक घ्या, आधी सगळे जुन्याचे आणि मग सगळे नव्याचे असं नको, मधल्या वेळात मशीन तापतं आणि बिल नव्याच्या नावावर फाटतं.

सरासरीबद्दल थोडं. एक बेंचमार्क १० सेकंदांवरून ५ वर आला, दुसरा १० वरून २० वर गेला. रेशो २ आणि ०.५, साधी सरासरी १.२५, म्हणजे नवा कंपायलर २५ टक्के भारी! आता उलटं धरा, जुन्याची नव्याशी तुलना, रेशो ०.५ आणि २, सरासरी परत १.२५, म्हणजे जुना पण २५ टक्के भारी. म्हणून जिओमीन (जिऑमेट्रिक मीन), ती दोन्हीकडून १ येते. फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी हे १९८६ मध्येच लिहून ठेवलंय आणि स्पेक (बेंचमार्क ठरवणारी संस्था) पण जिओमीनच वापरतं. पण जिओमीनच्या मागे लपू नका, एकाला २० टक्के मार बसून बाकीच्यांना चिल्लर फायदा झाला तरी ती गोड दिसते. सगळे बेंचमार्क वेगवेगळे छापा, रिव्ह्यूअरला पोट दुखेपर्यंत बघू द्या.

एखादा आकडा फारच छान आला तर आधी आउटपुट तपासा, चुकीचा कोड नेहमीच फास्ट असतो. आउटपुट बरोबर असूनही फार छान असेल तर कंपायलर त्या बेंचमार्कलाच ओळखायला शिकलाय का बघा. स्पेक ८९ मधला मॅट्रिक्स३०० असाच गेला, कंपायलरांनी कॅश ब्लॉकिंग (डेटा कॅशमध्ये मावेल अशा तुकड्यांत काम) करून त्याचा स्कोअर इतका फुगवला की स्पेक ९२ मधून त्याला काढावं लागलं. आणि हे जुनंपुराणं नाही, २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या कंपायलरने मिळवलेले सीपीयू २०१७ चे २,६०० च्या वर रिझल्ट्स अमान्य ठरवले, कारण झालनसीबीएमके या बेंचमार्कची आधीची माहिती वापरून केलेलं ऑप्टिमायझेशन त्यात होतं.

इन्स्ट्रक्शन काउंट हा शॉर्टकट आहे आणि मला तो आवडतो, शॉर्टकट म्हणून शिव्या देऊ नका. युजर स्पेसच्या इन्स्ट्रक्शन्स मोजल्या तर आकडा फार कमी हलतो, आणि कंपाइल टाइमसाठी एलएलव्हीएम आणि रस्टवाले रोज त्यावरच रिग्रेशन पकडतात. पण निघालेल्या कोडच्या वेगासाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका, एक भागाकार ही पण एकच इन्स्ट्रक्शन आणि एक बेरीज ही पण एकच.

मेंटॉरचं म्हणाल तर जो ‘किती आला?’ एवढंच विचारतो त्याच्यापेक्षा ‘कसा मोजलास?’ विचारणारा पकडा, भले तो खडूस असो. आमचा खडूसच होता, त्याच्या लॉगिनमुळेच ते प्रकरण उघडं पडलं.

स्पेकचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, घरी ते नसणार, काही बिघडत नाही. एलएलव्हीएमची टेस्ट-सुइट फुकट आहे, सोबत आकडे शेजारी मांडणारी कम्पेअर स्क्रिप्ट पण आहे, ती बाय डिफॉल्ट फार छोटे रन दाखवते त्यांना गाळा, पाव सेकंदाच्या प्रोग्रामवर दोन टक्के शोधण्यात अर्थ नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, ब्राउझर बंद, आणि पहिले काही रन फेकून द्या. आणि लॅपटॉपवर एक टक्क्याच्या आतलं काही सिद्ध करायच्या मागे लागू नका, पाच टक्क्यांचे फरक शोधा, तेही कमी नाहीत. पॅचच्या मेसेजमध्ये सीपीयूचं मॉडेल, कंपायलरचा कमिट, सगळे फ्लॅग्ज, किती लेआउट आणि प्रत्येकाचे किती रन हे लिहा. आणि जिथे मार बसलाय ते बेंचमार्क सगळ्यात वर टाका, रिव्ह्यूअर ते शोधणारच असतो, त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे दोन राउंड.