गेम अडला म्हणून अँटिव्हायरस काढू नका: या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव, धुळे, अमळनेरच्या कॉम्प्युटर दुकानांत एक तक्रार हमखास येते: "भाऊ, गेम लोडिंगपर्यंत जातो अन् बंद पडतो. अँटिव्हायरस काढून टाका." काढायला वेळ लागत नाही, पण गेम अडवणारा अँटिव्हायरसच असतो असं नाही. विंडोजची फायरवॉल (नेटवरची ये-जा अडवणारा पहारेकरी), गेमसोबत येणारं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर), राउटर, इतकंच काय मशीनचं घड्याळसुद्धा गेम अडवतं. कोणी अडवलं ते आधी बघायचं आणि मग हात लावायचा. बहुतेक घोळ हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

बघायची जागा सोपी आहे. विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडा. क्विक हील, नेट प्रोटेक्टर किंवा दुसरं काही टाकलं असेल तर त्याचे रिपोर्ट आणि क्वारंटाइनची, म्हणजे संशयावरून कोंडून ठेवलेल्या फाइलींची, यादी बघा. गेमची फाइल तिथे दिसली तर चोर सापडला. दिसली नाही तर अँटिव्हायरसला तूर्त सोडा आणि पुढे चला.

फाइल क्वारंटाइनमध्ये सापडल्यावर लोक गेम पुसून पुन्हा उतरवतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर सत्तर-ऐंशी जीबीचा गेम! बरं, उतरल्यावर अँटिव्हायरस तीच फाइल पुन्हा उचलतो. आधी गेमचा फोल्डर अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, टाका, मग फाइल परत आणा. स्टीमवरचा गेम असेल तर प्रॉपर्टीजमधल्या 'इन्स्टॉल्ड फाइल्स'खाली फाइल तपासायचा पर्याय आहे. गहाळ झालेली तेवढीच फाइल तो पुन्हा उतरवतो.

एक्सक्लूजन त्या एका गेमच्या फोल्डरपुरतंच ठेवा. अख्खा डी ड्राइव्ह वगळणारेही महाभाग आहेत. त्याच ड्राइव्हवर मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेलं सगळं पडलेलं असतं. आणि टेलिग्रामवरून घेतलेल्या ज्या गेमची पहिली सूचनाच 'अँटिव्हायरस बंद करा' अशी असते, त्याच्यासाठी हे काहीच करू नका. तिथे अँटिव्हायरस आपलं काम नीट करतोय.

फायरवॉलचा 'कॅन्सल'

गेम पहिल्यांदा नेटवर जाऊ लागला की विंडोज खिडकी उघडून परवानगी विचारतं. घाईत आपण 'कॅन्सल' दाबतो. त्याचा अर्थ 'नंतर बघू' असा नसतो. विंडोज त्या गेमसाठी अडवण्याचा नियम लिहून ठेवतं आणि पुढे तुम्ही परवानगीचा नियम केला तरी अडवणाराच वरचढ ठरतो. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'इनबाउंड रूल्स' उघडून गेमच्या नावासमोरचा लाल खुणेचा नियम शोधा आणि काढा.

दुसरी मेख नेटवर्कच्या प्रकारात आहे. घरच्या वायफायला 'प्रायव्हेट' ठरवून गेमला तेवढीच परवानगी दिलेली असते. मग वायफाय जातं, आपण मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो आणि विंडोज त्याला 'पब्लिक' धरतं. कालपर्यंत चालणारा गेम आज मित्राच्या रूमला जोडला जात नाही, आणि शिव्या मात्र अँटिव्हायरसला बसतात.

अँटिव्हायरसचं शील्ड, म्हणजे सतत चालणारी तपासणी, दहा मिनिटं बंद करून चाचणी घ्यायला हरकत नाही. पण अनेक पॅकेजांत शील्ड बंद केलं तरी त्यांची फायरवॉल चालूच राहते. ती वेगळी बंद करून बघा आणि चाचणी झाली की दोन्ही चालू करा. दोन अँटिव्हायरस एकत्र तर कधीच नकोत. जुना काढताना नुसता फोल्डर डिलीट करू नका, त्याचे ड्रायव्हर मागे राहतात. कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरा.

अँटी-चीटचा हट्ट

व्हॅलोरंट या गेमचं अँटी-चीट, व्हॅनगार्ड, विंडोजसोबतच सुरू होतं आणि थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतं. पीसी जलद व्हावा म्हणून स्टार्टअपमधलं सगळं बंद करणाऱ्यांचा गेम इथेच अडकतो. घड्याळाशेजारच्या ट्रेमधून व्हॅनगार्ड बंद केलं असेल तर मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय खेळता येत नाही. पंख्याचा वेग किंवा रंगीत दिवे सांभाळणाऱ्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर कमकुवत असेल, तर व्हॅनगार्ड त्यालाही अडवतं. ते सॉफ्टवेअर अपडेट करा किंवा काढा.

विंडोज ११ वर 'व्हॅन ९००१' ही एरर दिसली तर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हवंय. बॅटलफिल्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. ते चालू करायला यूट्यूबवर बघून कोणी थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, शिरतं आणि नंतर विंडोजच उठत नाही. जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर विंडोज टाकलेलं असेल तर असं होतं. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कचा प्रकार बघा. एमबीआर असेल तर डेटाचा बॅकअप घेऊन ती जीपीटी या नव्या मांडणीची करून घ्या, बायोसला हात त्यानंतर. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. हे जमत नसेल तर दुकानात न्या, त्यात कमीपणा नाही.

लॉगिनच होत नसेल तर तारीख बघा. लाइट गेली, पीसी बंद पडला आणि सुरू झाल्यावर साल भलतंच दिसलं, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, पटत नाही आणि लाँचर जोडणी नाकारतो. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. तारीख बरोबर असूनही लॉगिन अडत असेल, तर अँटिव्हायरसमधलं एचटीटीपीएस स्कॅनिंग (सुरक्षित जोडण्यांची तपासणी) तेवढं बंद करून बघा.

एक गोष्ट मात्र आपल्याकडचीच. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसवर गेला की वीस मिनिटं छान चाललेला गेम एकदम बंद पडतो, कधी पीसीच रीस्टार्ट होतो. तिथे लॉग चाळत बसू नका. कॅबिनेट उघडा, धूळ काढा, प्रोसेसरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला आणि दुपारऐवजी रात्री खेळा.