कोकम, आमसूल, सोलं: गूगलवर दिसण्यासाठी ऑनलाइन दुकानाची तयारी

एकच वस्तू गिऱ्हाइकं वेगवेगळ्या नावांनी शोधतात; ती नावं गोळा करून पानांवर नीट बसवण्याचं काम कोकणी माल विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने डिसेंबर-जानेवारीतच हाती घ्यावं. पानावरचा बदल गूगलने पुन्हा वाचून शोधनिकालातला क्रम हलेपर्यंत काही आठवडे सहज जातात. मार्चअखेर सुरुवात केली तर सरबताचा हंगाम हातचा जातो आणि आकडे सुधारतात ते पावसाळ्यात.

पहिलं काम शब्द गोळा करण्याचं. सर्च कन्सोलमध्ये (लोक कोणते शब्द शोधून तुमच्या साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) परफॉर्मन्स अहवालाचा कालावधी 16 महिने ठेवा, म्हणजे मागचा अख्खा उन्हाळा त्यात येतो. यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवताना एका वेळी 1000 ओळीच मिळतात, म्हणून आमसूल, सोलं, आगळ असे वेगवेगळे फिल्टर लावून ती तुकड्यांनी काढा. त्यात व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरींतले शब्द आणि दुकानाच्या शोधपेटीत टाकूनही काही न सापडलेले शब्द मिळवा. या शेवटच्या यादीतलं गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन परत गेलेलं असतं, त्यामुळे ती सगळ्यांत मोलाची. कीवर्ड प्लॅनर हे गूगल जाहिरातींचं साधन जवळच्या शब्दांचे आकडे एकत्र करून दाखवतो, तेव्हा त्यावरून दोन शब्दांत निवड करू नका. त्यासाठी गूगल ट्रेंड्समध्ये, म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो याची तुलना दाखवणाऱ्या साधनात, एका वेळी अनेक शब्द शेजारी ठेवता येतात. तिथे ‘विषय’ न निवडता ‘शोधशब्द’ निवडा आणि महाराष्ट्र व गोवा वेगवेगळे पाहा.

आता वर्गवारी. घाई बहुतेक इथेच होते आणि पुढचं सगळं बिघडतं. कोकम, आमसूल आणि सोलं म्हणून लोक मागतात ती आमटीत टाकायची सुकी सालं. या शब्दांना एकच पान पुरे. रातांबा म्हणजे ताजं फळ. तुम्ही ते विकत नसाल तर तो शब्द शीर्षकात घेऊ नका, माहितीच्या एका वाक्यात आला तरी चालेल. आगळ हा मीठ घातलेला रस, अमृत कोकम हा साखरेतला पाक. दोन्हींपासून पेय होतं म्हणून त्यांना समानार्थी ठरवलं, तर सोलकढीसाठी आगळ मागवणाऱ्याच्या घरी गोड बाटली जाते. बियांच्या तेलाला कुठे मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल. त्याचं पान वेगळं, कारण ते घेणारा टाचांच्या भेगांसाठी शोधत असतो. केरळातलं कुडमपुळी याच कुळातलं, पण वेगळ्या झाडाचं फळ आहे. तो शब्द यादीतून सरळ खोडा, नाहीतर परतीच्या पार्सलांची तयारी ठेवा.

थोडक्यात, एका वस्तूला एक पान. शब्दागणिक पान काढलं की दोन गोष्टी होतात. मजकूर तोच आणि नाव फक्त वेगळं, अशी पानं गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरू शकतात. तसं झालं नाही तरी तुमचीच दोन पानं एकमेकांच्या पायात येतात. तपासणी सोपी आहे: सर्च कन्सोलमध्ये एका शब्दावर फिल्टर लावून पानांचा टॅब उघडा. आळीपाळीने दोन पानांचे पत्ते (यूआरएल) वर-खाली होत असतील तर ज्याला क्लिक आणि बाहेरच्या लिंका जास्त ते ठेवा, दुसऱ्यावरून 301 वळण (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) द्या, मेनू व साइटमॅपमधला (गूगलसाठीची पानांची यादी) जुना पत्ता बदला. वळण मुख्यपानावर देऊ नका. असंबद्ध वळण गूगल पान हरवल्यासारखंच धरतं. 250 ग्रॅम, 500 ग्रॅम, 1 किलो ही एकाच पानावरची मापं असू द्या.

पानावर सर्वाधिक शोधला जाणारा शब्द शीर्षकात पुढे ठेवा आणि दुसरा लगेच मागे: ‘कोकम (आमसूल), सुकी सालं, 500 ग्रॅम’. गूगलवर विक्रीचा माल नोंदवायच्या मर्चंट सेंटरमध्ये नावाला 150 अक्षरांची मर्यादा असली तरी गिऱ्हाइकाला साधारण पहिली 70 दिसतात. उरलेले शब्द वर्णनात एकेकदा, वाक्यात बसवून यावेत: ‘गोव्यात यालाच सोलं म्हणतात.’ गूगलची बर्ट ही भाषा समजणारी यंत्रणा 2019च्या डिसेंबरपासून मराठीतही आहे, पण भिरंडेलसारखा मोजक्या भागातला शब्द ती जोडेलच या भरवशावर राहू नका. पानाच्या तळाशी स्वल्पविरामांनी जोडलेली शब्दांची रांग लावू नका. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली शब्दांची यादी) आपण वापरत नाही हे गूगलने 2009मध्येच सांगितलं आहे, तरी तो भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात.

पत्त्यात देवनागरी चालते, मात्र तो कॉपी केला की बरेचदा प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, ‘कोकम’ची छत्तीस. व्हॉट्सॲपवर अशी लांबलचक लिंक बघून लोक बिचकतात, म्हणून रोमन पत्ता बरा. चालू पत्ते मात्र एवढ्यासाठी बदलू नका.

दुकानाची स्वतःची शोधपेटी गूगलइतकी हुशार नसते. शॉपिफाय आणि वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवायच्या प्रणाली. शॉपिफायच्या ‘सर्च अँड डिस्कव्हरी’ ॲपमध्ये समानार्थी शब्दांचे गट करता येतात. वूकॉमर्सच्या मूळ शोधात ती सोय नाही, रेलेव्हान्सीसारखं प्लगइन (जादा सोय देणारी जोडणी) घालावं लागतं. गटात रोमन रूपंही टाका. कोकमच्या शेवटच्या अक्षराआधी कुणी यू लिहितं, कुणी ए. आमसूलमध्ये ए एक की दोन, यू एक की ओ दोन, याची तर भरपूर जुळणी होते. शिवाय ‘ॲ’ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं, तसंच ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही. डोळ्याला ती सारखी दिसली तरी शोधपेटीला ती वेगळी वाटू शकतात. ज्या नावांत ते येतं ती दोन्ही प्रकारे टाइप करून पाहा.

पावसाळ्यात माल संपला म्हणून पान काढू नका; ‘उपलब्ध नाही’ असं पानावर आणि स्ट्रक्चर्ड डेटात (गूगलला वाचता यावी म्हणून कोडमध्ये दिलेली माहिती) लिहा, पुढच्या वर्षी तेच पान कामाला येतं.

मोजणीसाठी बदलाची तारीख स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवा आणि तुलना मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करा. एप्रिलची जानेवारीशी केली तर उन्हाळ्याचं श्रेय तुमच्या कामाला जाईल. पानाचा सरासरी क्रम सुरुवातीला घसरलेला दिसला तर घाबरून बदल उलटवू नका. नवे समानार्थी शब्द बहुधा चाळिसाव्या-पन्नासाव्या जागेवरून आत येतात आणि सरासरी खाली ओढतात. जुना प्रत्येक शब्द सुटा तपासा. तो जागेवर असेल आणि नव्या शब्दांची इंप्रेशन्स, म्हणजे शोधनिकालात पान दिसण्याची संख्या, वाढत असतील, तर पानाला हात लावायचं कारण नाही.