पैसा, प्रवास, मुडदे: विचित्र गेममध्ये शिरायची माझी पद्धत

मॉरोविंड मी तीनदा सुरू केला आणि तीनदा सोडला. 2002 चा कॉम्प्युटर गेम. जहाजातून सेयदा नीन नावाच्या दलदलीतल्या गावात उतरायचं. गावाबाहेर घरांपेक्षा उंच, काटकुळ्या पायांचा एक किडा हंबरत उभा असतो. लोकांच्या तोंडी द्वेमर, तेलवान्नी, ह्लालू, म्हणजे ओळखीचं एक नाव नाही. तिन्ही वेळा मी शहाण्यासारखा आधी इतिहास वाचायला बसलो. गेममधली पुस्तकं वाचली, घराणी वहीत उतरवली आणि आठवड्याभरात कंटाळलो.

चौथ्या वेळी वहीत एकच प्रश्न लिहिला: इथली माणसं परगावी कशी जातात? उत्तर समोरच उभं होतं. तो किडा म्हणजे तिथली एसटी. सिल्ट स्ट्रायडर म्हणतात त्याला. कवच कोरून केलेल्या जागेत बसायचं, भाडं द्यायचं, बालमोराला उतरायचं. त्या दिवसापासून ते जग मला राहतं वाटायला लागलं.

तेव्हापासून असला कुठलाही गेम घेतला की पहिल्या तासात तीनच गोष्टी शोधतो. पैसा म्हणून काय चालतं, प्रवास कसा होतो, मेलेल्यांचं काय करतात. देव, राजे, महायुद्धं यांना घाई नसते; ती आपणहून अंगावर येतात.

पैशाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे केव्ह्ज ऑफ कड हा गेम. तिथे चलन म्हणजे गोडं पाणी. तेच प्यायचं, त्यावरच सौदा करायचा, आणि त्याचं वजनही पाठीवर वाहायचं, त्यामुळे श्रीमंत माणूस अक्षरशः जड होतो. मी जोप्पा गावातून ऐटीत निघालो, वाटेत एक डबकं दिसलं, फुकटचा पैसा म्हणून पखाल त्यात भरली. डबकं खारं होतं. आधीचं गोडं पाणीही मचूळ झालं आणि क्षणात मी कफल्लक. चडफडलो, पण त्या एका चुकीने वाळवंट जेवढं कळलं तेवढं पानभर वाचून कळलं नसतं. अनोळखी प्राण्याबरोबर पाणी वाटून घ्यायचा विधी तिथे एवढा मोठा का, हेही मग सांगावं लागलं नाही. तेव्हा डबक्यात काय आहे ते आधी वाचा, आणि वेगवेगळ्या पाण्यांसाठी वेगळी पखाल ठेवा. गेम खेळायच्या क्लासिक प्रकारात मेलात की सगळं पहिल्यापासून. नवख्याने रोलप्ले प्रकार निवडावा, त्यात वस्तीत पोचलं की सेव्ह होतं. यात कमीपणा मानू नका.

मुडद्यांचा प्रश्न ऐकून लोक हसतात. 1999 चा प्लेनस्केप: टॉर्मेंट खेळा म्हणजे हसू थांबेल. नायक शवागारातल्या ओट्यावर जागा होतो, शेजारी एक तरंगती कवटी बडबडत असते आणि प्रेतं कामाला लावलेली असतात. हे शवागार चालवणाऱ्या डस्टमेन पंथाच्या मते आपण सगळे आधीच मेलेले आहोत. मेल्यावर आपला देह त्यांना वापरू द्यायचा करार जिवंतपणीच करून पैसे घेता येतात. गेम जिथे सुरू होतो ते सिजिल शहर कसं आहे हे एवढ्यावरूनच कळतं. इथे एक उपयोगाचं सांगतो: कॅरॅक्टर बनवताना ताकदीच्या मोहात पडू नका, विझ्डम म्हणजे शहाणपणाचा आकडा वाढवा. या गेमची खरी मजा आणि बराचसा अनुभव बोलण्यातून मिळतो, मारामारी यथातथाच आहे.

प्रवासासाठी आउटर वाइल्ड्स (2019), यानातून ग्रह धुंडाळायचा गेम. दर 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी. हाताशी उरतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. यानातली नोंदवही दर फेरीत उघडा. आणि ऑटोपायलटवर डोळे मिटून विसंबू नका: वाटेत सूर्य आला तर तो सरळ सूर्यात नेतो. विचारा मला.

विकीबद्दल, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेल्या गेमच्या माहितीच्या साइटबद्दल, माझा नियम साधा आहे. गेम चालतो कसा ते खुशाल शोधा, कथा नाही. मॉरोविंडमध्ये खंजीर समोरच्या उंदरालाही का लागत नाही, हे शोधा: धावून दमलात की नेम चुकतो, म्हणून मारामारीआधी थांबून दम खायचा. हे मला तिसऱ्या खेपेपर्यंत माहीत नव्हतं. पण ‘सिल्ट स्ट्रायडर कुठून आले’ वगैरे शोधू नका.

आणि काही विचित्र दिसलं की आधी सेव्ह करा, मग ते करून बघा. सेयदा नीनहून बालमोराच्या रस्त्याला लागा. थोड्या वेळाने वरून किंकाळी येते आणि एक जादूगार आकाशातून धपकन तुमच्यापुढे पडून मरतो. त्याच्यापाशी तीन स्क्रोल, म्हणजे मंत्राच्या गुंडाळ्या, सापडतात. मी एक वाचला आणि उडी मारली. गाव ठिपक्याएवढं झालं, धुकं लागलं, मजा वाटली. जादू सात सेकंदांची होती, उडी त्याहून लांब. जमिनीवर आलो तो मेलेलाच. सेव्ह उघडला, पुन्हा उडालो, आणि जमीन जवळ आल्यावर दुसरा स्क्रोल वाचला. पाय टेकले, ओरखडाही नाही.

तिसरा अजून पोतडीत आहे.